मधोमध दिसणारे हुक

टॅमरॅक, वरचा मिशिगन
रविवार, १० जुलै १९८८

प्रिय एस्को मामा,

तुझी गाडी ठणठणीत आहे. हे पहिलं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण पाकीट फोडून तू तेवढंच वाचतोस आणि उरलेलं पत्र जेवणानंतरसाठी ठेवतोस, असं आई म्हणते. दर रविवारी शेडचं दार उघडते, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवते. उंदीर नाहीत. बॅटरी छान.

आता बातमी! जत्रा ऑगस्टच्या वीस तारखेला, आणि गाड्यांच्या शर्यतीचा चिखलाचा खड्डा या वेळी पन्नास फुटांनी लांबवलाय. आगीचा बंब तीन दिवस त्यात पाणी सोडणार. आत्ताच एकोणीस गाड्यांनी नावं दिलीत. ट्रेम्बाथ बाई समितीचा कागद हातात नाचवत म्हणाल्या, "निम्म्या पहिल्या फेरीत रुततील, उरलेल्या दुसरीत."

बावीस वर्षं रुतलेल्यांना तूच बाहेर ओढलंस. यंदा जहाजावर तुला डेकचा मुकादम केलं आणि ऑगस्टची रजा गेली, त्यामुळे दुकानात, गॅरेजमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न: यंदा ओढायचा दोर कोणाकडे? लॉयड तर ज्याला त्याला सांगत सुटलाय की दोर त्याच्याकडेच येणार.

एक सहज विचारायचं होतं. तू गाडीचं तोंड रुतलेल्या गाडीकडे करतोस आणि उलटा मागे जात ओढतोस. तेव्हा दोर पुढच्या एका हुकाला लावतोस की दोन्ही?

आईने वेलचीचा निसू भाजलाय. अर्धा पाव सोबत आहे. पोचेपर्यंत दगड झाला तर कॉफीत बुडव.

तुझी,
सिल्वी


हुरॉन सरोवर, १६ जुलै

प्रिय सिल्वी,

डेट्रॉइटला टपालाची होडी बाजूला लागली, आम्ही दोराला बादली बांधून खाली सोडली, आणि वर आली तेव्हा तिच्यात तुझं पाकीट आणि निसू. आचारी म्हणाला, याचा एक तुकडा नांगर म्हणून चालेल. तरी संध्याकाळपर्यंत संपला. हे पत्र उद्या सूच्या लॉकमध्ये, जलद्वारात जहाज थांबेल तेव्हा, टाकतो.

तुझ्या सहज प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. आखूड दोर दोन्ही हुकांतून घ्यायचा, त्याच्या मधोमध मोठा दोर अडकवायचा, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी पडते. आपला दोर जहाज बांधायचा आहे, रबरासारखा ताणतो. झटका द्यायचा नाही. ताण आला की थांबायचं, त्याला काम करू द्यायचं. दोरावर ओला जाड कोट टाकायचा, म्हणजे काही तुटलंच तर दोर उसळण्याऐवजी खाली पडतो. आणि तोंड समोर का? रुतलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघता यावं म्हणून. माणूस घाबरला की भलत्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. ते आधी डोळ्यांत दिसतं, मग चाकात.

पण हे तुला कशाला हवंय? गाडीला यंदा झोपू दे.

तुझ्या आईला, हेल्मीला सांग, मुकादम झाल्यापासून मला कोणी कामच सांगत नाही. सगळी मलाच सांगावी लागतात.

मामा


टॅमरॅक, २२ जुलै

प्रिय मामा,

खुर्चीत बसलायस ना? बस.

मी तुझी गाडी तीन इंच उचललीय.

चॅसीचा सांगाडा, चाकं, इंजिन सगळं आहे तिथेच आहे. फक्त वरची बॉडी उचलून चॅसी आणि बॉडीच्या मध्ये विकत मागवलेल्या किटमधले तीन-तीन इंचांचे ठोकळे घातलेत. मोठे टायर बसावेत म्हणून. कारण खड्डा लांबलाय, काठही चिखलाचाच होणार, आणि जुन्या टायरांवर ओढायला गेलं तर ओढणाराच रुतणार. होय, ओढणार मी. समितीकडे नाव दिलंय. तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. हे चूक आहे, कळतं. पण मामा, काय दिसते ती!

सगळं मी केलं, माझ्या कामाच्या, बसच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी. स्कूलबस उचलायचे दोन जॅक, त्यावर ओकचे ओंडके. एक बाजू इंचभर, मग दुसरी बाजू इंचभर. बोल्ट इतके गंजलेले की दोन तर तेल पाजूनही ऐकेनात, शेवटी कापले. स्टिअरिंगचा दांडा पुरेना, त्याला जोड दिली. पंख्याचं कडं पंख्याला घासायला लागलं, ते खाली घेतलं. गिअरचा दांडा एकदम बुटका वाटायला लागला, जणू गाडीत बसलेय पण गिअर तळघरात आहे! बंपरसुद्धा किटमधल्या ब्रॅकेटांवर तीन इंच वर घेतला, नाहीतर बॉडी आणि बंपर यांच्यात फट दिसते.

राहिले पुढचे हुक. किटच्या कागदावर लिहिलंय, हुक काढून टाका, पुन्हा बसवू नका. वा रे वा! हुकांशिवाय मी काय दातांनी ओढू? लॉयडनेही माझ्याबरोबर हेच किट मागवलं, त्याच आठवड्यात त्यानेही गाडी उचलली. तो म्हणाला, "ब्रॅकेटलाच लाव की. बंपरच्या भोकातून मस्त दिसतात." तसेच लावलेत. लाल रंग दिलाय. फोटो बघ आणि मग रागाव.

सिल्वी


ईरी सरोवर, २७ जुलै

सिल्वी,

फोटो आधी जेवणाच्या टेबलावर फिरला. आचारी म्हणाला, ही गाडी नाही, घोड्यावर बसलेली गाय आहे. मीही हसलो. गाडीबद्दल मला काय वाटतं ते नंतर लिहीन. त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

तुझे हुक बंपरच्या भोकात बरोबर मधोमध दिसतायत. छान दिसतायत. तीच अडचण आहे. बॉडी तीन इंच वर गेली, बंपर तीन इंच वर गेला, चॅसी जागेवरच आहे. मग हुक मधोमध कसे? ते चॅसीबरोबर खालीच राहायला हवे होते. भोकाच्या खालच्या कडेमागे लपायला हवे होते.

ब्रॅकेट बंपर धरायला असतो. बंपर दोन माणसं उचलतात. चिखलात रुतलेली गाडी दहा माणसांना हलत नाही. जहाजाचा दोर ज्या खुंट्याला बांधतो तो डेकच्या पत्र्यावर उभा दिसतो, पण खालून बरगडीला धरलेला असतो. नुसत्या पत्र्याला लावला असता तर जहाज राहिलं असतं आणि खुंटा धक्क्यावरच्या माणसांत गेला असता. मी एकदा तसा गेलेला बघितलाय. कोणाला लागला नाही, कारण ती माणसं कॉफी प्यायला गेली होती. एवढंच कारण.

या हुकांनी काहीही ओढू नकोस. मांजरसुद्धा नाही.

आणि फोटोत मागे माझा सौना, वाफेची न्हाणी, दिसतोय. त्याच्या दाराला कोऱ्या लाकडाचं ठिगळ आहे. मी मार्चमध्ये गेलो तेव्हा दार सबंध होतं. ते कसलं?

मामा


टॅमरॅक, १ ऑगस्ट

मामा,

ठिगळ हुकाचं आहे.

तुझं पत्र आल्यावर, फोटो पाठवायच्या दोन दिवस आधी मी सराव केला. परसातलं बर्चचं खोड. कोट टाकला नाही, कारण उकडत होतं आणि कोट शोधायचा कंटाळा आला. ताण आला, थांबले, तू सांगितलंस तशी. आणि एकदम उजवा हुक गेला. गेला म्हणजे दिसलाच नाही. फक्त आवाज, आणि तुझ्या दारात भोक. आई आत होती. वरच्या बाकावर. हुक तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, हातातली पाण्याची बादली माझ्यावर ओतली आणि परत आत गेली. चार दिवस बोलली नाही.

मला वाटलं, बोल्ट हलके होते. म्हणून जाड बोल्ट घातले, ब्रॅकेट नवा केला, दाराला ठिगळ लावलं आणि फोटो काढला. तू बोल्टांचं कौतुक करशील असं वाटलं होतं. जुना ब्रॅकेट अजून जपून ठेवलाय. पास्टीत मांस भरून कड दुमडावी तसा दुमडलाय.

हे सगळं मी लपवलं. माझं झालं. आता तुझं.

शनिवारी ट्रेम्बाथ बाई दारात. म्हणाल्या, "दोर न्यायला आलेय." मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या मामाने एप्रिलातच लिहून दिलंय. यंदापासून दोर लॉयडकडे. तुला माहीत नाही?"

नाही, मला माहीत नव्हतं. सगळा जुलै तू मला कोट टाक, डोळ्यांत बघ शिकवत होतास आणि दोर आधीच देऊन बसला होतास. मी दोर दिला नाही. दोर टांगलेल्या खिळ्याखाली उभी राहिले. बाई म्हणाल्या, "एकोणीस तारखेला, शुक्रवारी चार वाजता या दोघंही. खड्ड्यात बंबाची जुनी टाकी रुतवून ठेवते. जो नीट ओढेल त्याचा दोर."

हुक चॅसीला लावले तर बंपरच्या मागे जातात, दोर आत घालता येत नाही. तीन इंच लांब पट्ट्या कापून हुक त्यांवर वर घेऊ का? एवढंच सांग. बाकी काही सांगू नकोस.

सिल्वी


सूचे लॉक, ६ ऑगस्ट

प्रिय सिल्वी,

बाकीचंच आधी सांगतो.

गेल्या वर्षी जत्रा संपली, तू माझे बूट पाईपने धूत होतीस. म्हणालीस, "दिवसभर चिखलात उभं राहून दुसऱ्यांच्या चुका ओढायच्या, असलं काम कोण करेल!" तू हसत होतीस. मीही हसलो. पण मला वाटलं, संपलं, आपल्या घरात आता कोणाला हे नको आहे. लॉयड तीन वर्षं मागे लागला होता. त्याला दिलं. तुला एकदाही विचारलं नाही. चूक माझी. तू गाडी न विचारता उचललीस, मी दोर न विचारता दिला, आपण एकाच घरातले हे मात्र सिद्ध झालं.

हेल्मीचं वाचून मला डेकवर जाऊन उभं राहावं लागलं. तिची माफी पुन्हा एकदा माग. माझ्याकडूनही.

आता पट्ट्या. नाही. नट हलत नसला की तू पान्याला लांब पाईप लावतेस. का? लांबीने जोर वाढतो. तीन इंचांची पट्टी म्हणजे तू स्वतःच्याच हुकाला पाईप लावतेयस. वाकेल.

हुक चॅसीच्या जुन्या भोकांत, जसे होते तसे. बोल्ट दुकानातले नकोत. मूळचे मी बसवलेले तू काढलेस ना, ते बघ: प्रत्येकाच्या डोक्यावर सहा रेघा आहेत. त्या रेघा म्हणजे पक्क्या पोलादाची खूण. रेघा नसलेला बोल्ट कुंपणाला वापर. फेकले असशील तर जादा चार सौन्यात, खालच्या बाकाखाली कॉफीच्या डब्यात आहेत.

आणि बंपर आड येतो म्हणतेस, तर बंपर काढून टाक. तो काय ओढतो?

ट्रेम्बाथ बाईंना वेगळं लिहिलंय. एप्रिलचं पत्र रद्द. पण परीक्षा ठेवली हे बरं केलं. दोर माझ्या चिठ्ठीने मिळू नये.

मामा


टॅमरॅक, १३ ऑगस्ट

मामा!!

बंपर काढला! हुक खाली, चॅसीला, सहा रेघांचे बोल्ट! आणि गाडीचं काय झालंय म्हणून सांगू? वर तीन इंच फट, खाली नुसते दोन लाल हुक, मध्ये काहीच नाही. आई म्हणाली, "अगं, हिचं बोळकं झालं की!" तेव्हापासून गावात नाव पडलंय. दुकानाजवळून गेले की पोरं ओरडतात, "बोळकं आलं, बोळकं!" लॉयड म्हणाला, "सिल्वी, कवळी घरी विसरलीस का?" त्याची गाडी मात्र नवरीसारखी. बंपर चकचकीत, हुक पिवळे.

मग मला तिची दया आली आणि पुढे एक फळी लावली. चॅसीलाच, हुकांच्या वर, शोभेपुरती. चांगली जाड, वाळलेली, अगदी मापाची फळी मिळाली. कुठे मिळाली ते तू डिसेंबरात घरी आलास की सांगेन. इशारा: कॉफीचा डबा आता उघड्यावर आहे.

पुन्हा सराव केला. तेच खोड. दोन्ही हुक, आखूड दोर, तुझा जुना लोकरी कोट पाण्यात भिजवून दोरावर. आईला आधीच शेजारी पाठवलं. ताण आला, थांबले. दोर गुणगुणायला लागला. मोजले: एक, दोन, तीन, चार. आणि खोड मुळासकट वर आलं, मामा, दाढ उपटावी तसं! हुकांपाशी जाऊन बघितलं. रंगसुद्धा तडकलेला नाही.

आईने मला मिठी मारली. चिखलासकट.

सिल्वी


डेट्रॉइट नदी, १५ ऑगस्ट

प्रिय सिल्वी,

बादली वर ओढायला आज चार जण आले होते, तुझ्या पत्रासाठी. आता सगळं जहाज बोळक्याच्या बाजूने आहे.

माझा बाक चोरलास हे कळलं. त्याबद्दल डिसेंबरात.

शनिवारी आम्ही सुपीरियरमध्ये असू. दुपारी दोनला, शर्यत चालू असेल तेव्हा, मी पुढे डेकवर जाऊन उभा राहीन. उगीच.

मामा


टॅमरॅक, रविवार, २१ ऑगस्ट

प्रिय मामा,

बोटांना अजून चिखल आहे, कागदावर डाग पडतील. माफ कर. क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

शुक्रवार. चार वाजता अर्धं गाव काठावर. टाकी कडेपर्यंत रुतवलेली, वर ट्रेम्बाथ बाईंनी झेंडा रोवलेला. चिठ्ठ्या टाकल्या, पहिला नंबर लॉयडचा. समिती म्हणाली, दोर सगळ्यांना एकच, तुझाच. मी माझ्या हातांनी नेऊन दिला.

तो अडकवायला वाकले आणि बघितलं. त्याचे पिवळे हुक बंपरच्या भोकात बरोबर मधोमध होते.

मामा, मी बोलले नाही. तुला खरं सांगते. दोर अडकवला, उठले, माझ्या गाडीपर्यंत चालत गेले. डोक्यात एकच विचार होता: याचे हुक वाकतील, हा हरेल, दोर माझा. तेवढ्यात समोरच्या काठावर नजर गेली. दोराच्या अगदी रेषेत बाकावर ट्रेम्बाथ बाई मांडीवर पास्टीची टोपली घेऊन बसलेल्या. शेजारी आई. तिने मला हात केला.

सुरू करायच्या इशाऱ्यासाठी बाईंचा हात वर गेला होता. मी धावत सुटले. "थांबा! थांबा!" लॉयडने काच खाली केली. "काय झालं? आत्तापासूनच रडायला आलं?"

मी म्हटलं, "तुझे हुक कशाला लावलेत?"

"ब्रॅकेटला. तुलाही मीच सांगितलं होतं ना."

"म्हणूनच विचारतेय. खाली उतर."

"सिल्वी, हरायचं असेल तर घरी जाऊन हर. लोक खोळंबलेत." काठावर हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "बोळक्याला दात आले!"

मी सीटखालून तो दुमडलेला ब्रॅकेट काढून आणला आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकला. "हा माझा होता. तुझ्याच किटातला. नुसतं बर्चचं खोड ओढत होते. हुक सौन्याच्या दारातून आत गेला. आई आत होती."

त्याने तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. अंगठा दुमडीवरून फिरवला. मग उतरला आणि चांगल्या पॅन्टसकट गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते बूट दिसत होते.

मग बाहेर आला. त्याने स्वतः दोर सोडला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "या हुकांनी मी उद्या वीस गाड्या ओढणार होतो," एवढंच म्हणाला.

ट्रेम्बाथ बाई म्हणाल्या, "दोर असा मिळत नाही. टाकी अजून आतच आहे." बरोबर होतं. मी सगळ्यांना दोराच्या रेषेतून उठवलं, बाईंनासुद्धा, टोपलीसकट. कोट टाकायला कोणी पुढे येईना. लॉयडच आला. ताण, थांबणं, गुणगुण. मी सहापर्यंत मोजलं. टाकी शिंकल्यासारखा आवाज करून सुटली, आणि झेंडा डुलत डुलत काठावर आला.

शनिवारी चौदा गाड्या ओढल्या. दुपारी दोनला मी नवव्या गाडीवर होते, मॅटसनच्या आजोबांच्या. तू तेव्हा डेकवर उभा होतास हे लक्षात होतं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं, ते घाबरले होते. मी हात वर केला, थांबले. त्यांनी श्वास सोडला. मग ओढलं. आले.

आणि चौदावा कोण? लॉयड! ओढायचं नाही तर निदान धावतो म्हणाला, आणि खड्ड्याच्या मधोमध दारांपर्यंत रुतला. ती नवरीसारखी गाडी! मी तोंड समोर करून उभी राहिले, तो काचेतून माझ्याकडे बघत होता. चिडवायला मी आठवडाभर वाक्यं जमवली होती. एकही आठवलं नाही. तो हसला, मग मी हसले, आणि हसतच मागे गेले. लाल हुक जागचे हलले नाहीत. कोट आईने टाकला.

दोर धुऊन खिळ्यावर टांगलाय. तुझ्याच खिळ्यावर.

तुझी,
सिल्वी


सुपीरियर सरोवर, २७ ऑगस्ट

प्रिय सिल्वी,

पत्र आचाऱ्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "थांबा! थांबा!" ला तो खरोखर ओरडला, आणि वरून कप्तानाने विचारलं, काय थांबवायचं?

गाडीबद्दल नंतर लिहीन म्हणालो होतो. ती आता तुझी आहे. कागद डिसेंबरात करू. फळीही राहू दे. मी वरच्या बाकावर बसेन, म्हाताऱ्यांना ऊब जास्त लागते.

खिळ्याबद्दल: तो माझा नाही. ज्याच्याकडे दोर, त्याचा खिळा.

पुढच्या ऑगस्टला मला रजा मिळणार, तसं कप्तानाकडून लिहून घेतलंय. तुझ्याकडे कोट टाकायला माणूस लागेल का? हेल्मी आहे, लॉयड आहे, माहीत आहे मला. पण कोट माझा आहे, आणि या वेळी मी आधी विचारतोय.

मामा